घरच्या कंप्युटरला नेट जोडून घेताना: माझे ५३ दिवस

माळ्यावरचा कंप्युटर खाली काढला तो ६ एप्रिल २०२५ ला. रामनवमीचा रविवार होता, लेक पुण्याहून दोन-तीन दिवसांसाठी आला होता. २०१४ मध्ये त्याच्या डिप्लोमासाठी घेतलेला असेंबल केलेला कंप्युटर, पुढे त्याने लॅपटॉप घेतला आणि हा गोधडीत गुंडाळून वर गेला. मी म्हटलं, मला हा चालू करून दे आणि नेट जोडायचं बघ. मागच्या वर्षी माझं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मोबाइलवर बारीक अक्षरं वाचत बसलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि आता जमिनीचे कागद काय, पेन्शनचं काय, बँकेचं काय, सगळं नेटवर. दर वेळी कोणाला तरी "जरा बघून सांग रे" म्हणायचं आणि आपला सातबारा दुसऱ्याने वाचून दाखवायचा, हे मला नको झालं होतं.

तसा कंप्युटर मला नवीन नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, २०२१ ला रिटायर झाले. सगळ्यांबरोबर एमएससीआयटी केलं होतं, नंतर सरलची, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलची, माहिती भरायला रात्री उशिरापर्यंत तालुक्याच्या सायबर कॅफेत बसलेय. पण या सगळ्या ठिकाणी कंप्युटर आधीच जोडलेला असायचा, आपण जाऊन खुर्चीवर बसायचं. भिंतीतून येणारी वायर कुठून येते, मधे काय काय लागतं, बंद पडलं तर कोणाला काय सांगायचं, हे कधी कोणी दाखवलंच नाही. म्हणून हे लिहितेय, माझ्यासारखं कोणी घरात एकटं असेल आणि मुलं लांब असतील तर उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण ती कळायला माझा दीड महिना गेला. आपण "नेट नाही" म्हणतो तेव्हा बिघाड तीनपैकी एका जागी असतो. रस्त्यापासून घरापर्यंतची लाइन, घरात लावलेली पेटी (मॉडेम), नाहीतर कंप्युटर. माझं तिन्ही ठिकाणी अडलं, तिन्ही वेळा मी फोनवर फक्त "नेट येत नाही हो" एवढंच सांगत राहिले आणि समोरचा माणूस भलतीकडेच बघायला सांगत राहिला. ही तीन नावं तेव्हा माहीत असती तर निम्मे दिवस वाचले असते.

८ एप्रिलला कंप्युटर तालुक्याच्या दुकानात नेला. उघडला तर आत धुळीचा थर आणि पालीची अंडी. दुकानदाराने सगळं साफ केलं, जुनी हार्डडिस्क फार हळू चालत होती म्हणून २५६ जीबीची एसएसडी टाकली १,५०० रुपयांची, चार जीबी जुनी रॅम टाकली ६०० ला, मजुरी ३००. विंडोज १० घालून दिलं. त्याने तेव्हाच स्पष्ट सांगितलं की काकी या मशीनचा प्रोसेसर जुना आहे, विंडोज ११ यावर बसणार नाही, आणि १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार आहेत. त्यामुळे कोणी जुना कंप्युटर बाहेर काढत असाल तर हे आधी विचारून घ्या. दुसरं म्हणजे मागची बाजू बघून घ्या. आमच्या कंप्युटरला वायफाय नाही, मागे फक्त चौकोनी लॅनचं, म्हणजे नेटची वायर खुपसायचं, भोक आहे, जुन्या फोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद. वायफाय नसलं तरी काही अडत नाही, पण पेटी कुठे बसवायची हे त्यावर ठरतं, म्हणून आधी माहीत पाहिजे.

मग जोडणी कोणाची घ्यायची. एका मोठ्या कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात विचारलं तर त्यांनी पत्ता घेतला, दोन दिवसांनी फोन आला की तुमच्याकडे फिजिबिलिटी नाही. याचा अर्थ त्यांची लाइन आपल्या घराच्या जवळपास नाही, एवढाच. मला आधी वाटलं आपल्या कागदात काही चूक झाली. मग शेजारची बारावीतली मुलगी म्हणाली काकी, आपल्या वाडीच्या रस्त्याला टीव्हीच्या केबलवाल्याची फायबर आलीय की, शाळेजवळच्या घरात आहे. त्या घरी जाऊन आले. माझा सल्ला विचाराल तर ज्याच्याकडे जोडणी आहे त्याला स्पीड किती हे नंतर विचारा, आधी विचारा पावसात बंद पडली तर किती दिवसांत येतात. ते म्हणाले चार-पाच दिवस. ठीक आहे म्हटलं.

कागदपत्रांना जास्त वेळ गेला. फॉर्म, दोन फोटो, आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आमच्या घराचं लाइटबिल अजून सासऱ्यांच्या नावावर, घरपट्टी ह्यांच्या नावावर, आणि हे जाऊन सहा वर्षं झाली. केबलवाल्याच्या ऑफिसातली मुलगी चांगली होती पण ती म्हणाली तुमच्या नावाचा काहीतरी कागद लागेल, नाहीतर केवायसी परत येते. मग ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढायचं ठरलं. ग्रामसेवक आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. १५ तारखेला अर्ज दिला, शुक्रवारी १८ ला आणायला गेले तर गुड फ्रायडेची सुट्टी, ते माझ्या लक्षातच नव्हतं. २२ ला दाखला मिळाला, वीस रुपये. २३ एप्रिलला फॉर्म भरला. आधारची झेरॉक्स दिली त्यावर आडवं लिहिलं, "फक्त इंटरनेट जोडणीसाठी", खाली तारीख आणि सही. हे शाळेत असल्यापासूनची सवय आहे आणि सगळ्यांनी लावून घ्यावी अशी आहे. आधारच्या साइटवरून पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधारही काढता येतं, ते चालत असेल तर तेच द्या.

पैसे त्या दिवशी भरले ते असे. जोडणीचे १,०००, पेटीचं डिपॉझिट १,५०० (याची वेगळी पावती मागून घ्या, परत मिळतात ते पावतीवरच), पहिल्या महिन्याचे ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ५८९. प्लॅन ४० एमबीपीएसचा.

फॉर्म दिल्यावर चौथ्या दिवशी एक फोन आला. तुमच्या इंटरनेटची केवायसी अपूर्ण आहे, आज नाही केली तर अर्ज रद्द होईल, मी लिंक पाठवतो ते अॅप टाका आणि स्क्रीनवर काय दिसतं ते मला दिसू द्या. माझ्या हातापायातलं बळ गेलं, कारण अर्ज तर मी खरंच केला होता. पण केबलवाल्याचा फोन नेहमी त्याच्या ऑफिसच्या नंबरवरून यायचा आणि हा वेगळाच होता. मी म्हटलं मी ऑफिसात येऊन करते, तर तो घाई करायला लागला, तेव्हा फोन ठेवला आणि ऑफिसला लावला. त्यांनी असा कोणताही फोन केलेला नव्हता. जोडणीसाठी मोबाइलमध्ये कुठलंही अॅप टाकायला लागत नाही, ओटीपी सांगायला लागलाच तर समोर बसलेल्या माणसाला, तोही मेसेजमध्ये कशासाठी आहे ते वाचून. पैसे गेलेच कोणाचे तर १९३० वर लगेच फोन करा, हा नंबर मी आता कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, माणूस सर्व्हेला आला. रस्त्यावरच्या खांबापासून आमच्या पडवीपर्यंत पावलांनी मोजलं, १८० मीटर. शंभर मीटरपर्यंत वायर फुकट, पुढे मीटरला १२ रुपये, म्हणजे ९६० वाढले. शिवाय वायर मधल्या दोन घरांच्या आवारावरून जाणार होती. दोघांनाही मी स्वतः जाऊन विचारलं, गडग्याच्या वरून गेली तर चालेल ना म्हणून. हे काम केबलवाल्यावर सोडू नका, शेजार आपला आहे.

९ मेला वायर ओढली. दोन मुलं आली होती, विशी-बाविशीची, उन्हात घामाघूम. मधे खांब नाही म्हणून त्यांनी आमच्या एका माडाला वायर बांधली. मला तेव्हाच शंका आली होती की माड वाऱ्याने हलतो, पण ते म्हणाले काकी सगळीकडे असंच असतं, आणि मी गप्प बसले.

घरात वायर आणायला भिंतीला भोक पाडलं. जांभ्याची भिंत, दीड फूट जाड, मोठं ड्रिल लागलं. तेव्हा तो मुलगा दोन गोष्टी बोलता बोलता बोलला त्या फार कामाच्या आहेत. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायचं, आणि वायर भोकात शिरायच्या आधी बाहेर खाली झोळ ठेवायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, घरात येत नाही. आणि आतली वायर कुठेही बांगडीपेक्षा लहान वळवायची नाही, कारण आत काच आहे, वळण घट्ट झालं की उजेड बाहेर निसटतो.

आत काच आहे म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने काळ्या वायरीचं टोक सोललं, त्यातून रंगीत दोऱ्यासारखं काहीतरी निघालं, त्याचंही साल काढलं तेव्हा केसाएवढा धागा उरला, तो स्पिरिटच्या कापसाने पुसला, छोट्या यंत्रात धरून टोक सरळ कापलं. मग एका पेटीत दोन टोकं समोरासमोर ठेवली. त्या पेटीला छोटा पडदा होता, त्यात ती दोन टोकं एवढी मोठी दिसत होती की बैलगाडीच्या दोन जोखडांसारखी, हळूहळू एकमेकांजवळ सरकली, एक ठिणगी पडली आणि मधली रेघ नाहीशी झाली. वर बारीक नळी सरकवून ती गरम केली, झालं. मी विचारलं उजेड दिसत का नाही, तर म्हणाला हा डोळ्यांना न दिसणारा उजेड आहे, म्हणून तर उघड्या टोकात कधी बघायचं नाही. माझ्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची आठवण होऊन मी दोन पावलं मागे झाले. मग त्याने उजेड किती पोचतो ते मोजणारा एक मीटर लावला, त्यात उणे १९ आलं. उणे २७ च्या खाली गेलं की पेटीला लाइन पकडता येत नाही म्हणाला. मी वहीत लिहून ठेवलं, ९ मे, उणे १९. तुम्हीही तुमचा आकडा विचारून लिहून ठेवा, पुढे लाइन खराब झाली की ताडून बघता येतं.

पेटी म्हणजे ज्याला सगळे मॉडेम म्हणतात ती. खरं नाव ओएनटी, पण मॉडेम म्हटलं तरी समजतं. ती ओटीवर बसवली कारण वायर तिथे येते, आणि कंप्युटर माजघरात. मधे तीच दीड फुटाची जांभ्याची भिंत. यूएसबीत खुपसायचं वायफाय मिळतं साडेतीनशेला, पण या भिंतीतून सिग्नल फार पडतो असं तोच मुलगा म्हणाला, म्हणून मी लॅनची वायर घेतली. १४ मीटर, मीटरला २५ प्रमाणे ३५० आणि दोन्ही टोकांच्या पिना मिळून २०. पीन कंप्युटरच्या मागे घातली की टक् असा आवाज आला पाहिजे, तो आला नाही तर ती अर्धवट बसलीय. आणि भोकाशेजारी दोन बारीक दिवे असतात, एक हिरवा स्थिर, एक पिवळा लुकलुकणारा, ते लागले की कंप्युटर आणि पेटी एकमेकांना भेटले.

इथपर्यंत सगळं झालं शुक्रवारी संध्याकाळी आणि नेट काही येईना. पेटीवर पॉन लिहिलेला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचा, दिवा हिरवा, लॅनचा हिरवा, इंटरनेटचा बंद. मुलं म्हणाली ऑफिसातून अॅक्टिवेट करतील, आणि गेली. शनिवार दुसरा, मग रविवार, सोमवारी १२ ला बुद्ध पौर्णिमा. तीन दिवस मी त्या बंद दिव्याकडे बघत होते आणि रोज दहा वेळा पेटी बंद-चालू करत होते. त्याचा काहीही उपयोग नव्हता. लाइन घरात आली होती, पेटीत युजरनेम पासवर्डही घातला होता, पण तो तिकडे चालू व्हायला केवायसी मंजूर व्हावी लागते आणि ते काम सुट्टीत कोणी करत नाही. १३ ला सकाळी अकरा वाजता दिवा आपोआप लागला.

आता सगळ्यात जास्त रडवलं ते सांगते. दिवे सगळे हिरवे, मोबाइलला वायफायवर नेट मस्त, व्हॉट्सअॅपवर लेकाचा व्हिडिओ कॉल झाला. कंप्युटर लावला, ब्राउझर उघडला, तर कुठलीही साइट उघडेना. मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहून यायचं की तुमचं कनेक्शन खासगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरत असेल. गूगल तसंच, बँक तशीच, सरकारी साइट तशीच. तो फोन आलेला होता ना पंधरा दिवसांपूर्वी, माझ्या मनात तेच आलं, की आपल्या कंप्युटरमध्ये कोणीतरी शिरलंय. मी लॅनची वायर उपसून काढली आणि कंप्युटर बंद केला. त्या रात्री झोप लागली नाही. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला लाइन ओके आहे, दुकानदार म्हणाला मशीन ओके आहे, आणि दोघांचंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी लेकाने फोनवर विचारलं, आई त्या मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक काय लिहिलंय ते वाच. भिंग घेऊन वाचलं. शेवटचे शब्द होते डेट इनव्हॅलिड. तो म्हणाला उजव्या कोपऱ्यात तारीख बघ. तारीख होती १ जानेवारी २०१४.

कारण साधं होतं. कंप्युटरच्या आत साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, लाइट बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. माझ्या कंप्युटरचा तो सेल माळ्यावर असतानाच मेला होता, त्यामुळे मी रात्री बोर्डाचं बटण बंद केलं की घड्याळ परत २०१४ च्या सुरुवातीला जायचं. रोज सकाळी चालू करताना काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा असं येत होतं, तेही त्याचंच. मी मुकाट्याने दाबत होते. आता तारखेचा आणि नेटचा काय संबंध, तर प्रत्येक साइट आपली ओळख पटवायला एक दाखला दाखवते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. शाळेत एखादं मूल पुढच्या वर्षाची तारीख असलेला दाखला घेऊन आलं तर आपण त्याला नाव घालून घेणार नाही, तसं कंप्युटरला वाटत होतं आपण २०१४ मध्ये आहोत आणि समोरचा दाखला २०२५ चा, म्हणून तो कोणालाच आत घेत नव्हता. फरक एवढा मोठा असला की विंडोज आपणहून तारीख दुरुस्तही करत नाही. तारीख हाताने बदलली आणि त्या क्षणी साइट उघडली. सेल चाळीस रुपयांचा, १५ तारखेला दुकानदाराने दोन मिनिटांत बदलून दिला. जुना कंप्युटर बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्याच दिवशी तो सेल बदलून घ्या.

पासवर्डचं थोडक्यात. पेटीच्या खाली स्टिकरवर वायफायचा पासवर्ड छापलेला असतो, तो आल्या दिवशी बदलायचा. ब्राउझरमध्ये वर १९२.१६८.१.१ टाकलं की पेटीचं पान उघडतं, काही पेट्यांत आकडा वेगळा असतो, तोही स्टिकरवर असतो. त्या पानात शिरायचा पासवर्ड वेगळा आणि वायफायचा वेगळा, दोन्ही बदला, दोन्ही डायरीत लिहा. तिथेच वायफायची दोन नावं दिसतील, २.४ आणि ५, जाड भिंतींच्या घरात २.४ लांब पोचतं. स्पीड मोजला तर वायरीवर ३८-३९ यायचा, माजघरात मोबाइलवर ११. फाइल उतरवताना मात्र चार-पाचच्या आसपास आकडा दिसतो, तेव्हा फसवलं असं समजू नका, तो एमबी म्हणजे मेगाबाइट असतो, प्लॅन सांगतात तो मेगाबिटमध्ये, आठाने भागायचं.

आठवडाभर छान चाललं. मग त्या वर्षीचा पाऊस. मे महिन्यातच सुरू झाला, २० तारखेपासून वारा आणि विजा, आणि २६ ला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. आमचं गवत, लाकडं, कोकमं सगळी बाहेर, सगळ्यांचीच धावपळ. २१ ला रात्री माडाची झावळ पडल्याचा आवाज आला, ती नेहमीच पडते. सकाळी पेटीवर एलओएसचा, म्हणजे लाइनचा उजेड पोचत नसल्याचा, दिवा लाल, लुकलुकणारा. त्याच माडाची झावळ वायरीवर पडली होती, वायर तुटली नव्हती, पण ताणून गडग्याच्या दगडावर घासली होती.

तक्रार केली, नंबर घेतला, लिहून ठेवला. पहिल्या दोन दिवसांत मला तीन वेळा सांगण्यात आलं की पेटी बंद करून चालू करा. मीही सुरुवातीला तेच केलं. मग वहीतली ९ मेची नोंद वाचली आणि शनिवारी फोन करून म्हटलं, पेटी चालू आहे, कंप्युटर चालू आहे, एलओएस लाल आहे, पॉन बंद आहे, माडाजवळ वायर झावळीने ताणलीय, जोडणीच्या दिवशी उणे १९ होतं, मीटर आणि जोडायचं यंत्र घेऊनच माणूस पाठवा. पलीकडची मुलगी थांबली आणि म्हणाली, एक मिनिट काकी, मी असंच लिहून घेते.

तरी माणूस आला २९ लाच, गावोगावी लाइनी पडल्या होत्या आणि पोरं दोनच. त्याबद्दल मला राग नाही, भर पावसात ती खांबावर चढतात. मीटर लावला, उणे ३१. खराब झालेला चार-पाच मीटरचा तुकडा कापून नवीन घातला, पडवीत पागोळ्यांच्या आत बसून जोड दिला, कारण पाण्याचा थेंब लागला तर जोड नीट बसत नाही. मी वर छत्री धरली होती. उणे २० आलं आणि पॉन हिरवा झाला. या वेळी मी वायर माडाला बांधू दिली नाही. आमच्याकडे जुना पाण्याचा लोखंडी पाइप पडून होता, तो गडग्यालगत पुरला आणि त्यावरून वायर नेली, माडाच्या टप्प्याबाहेर. हे ९ मेलाच सांगायला हवं होतं. तुमच्याकडे माड, फणस, आंबा काही असेल तर वायर ओढतानाच झाड सोडून न्यायला सांगा, थोडी जास्त लागली तरी चालेल.

त्यानंतर एक गोष्ट विकत घेतली ती पेटीचा छोटा यूपीएस, १,३५० रुपये. लाइट गेली तरी पेटी तीन-चार तास चालते. घेताना अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघून घ्या, आमचा १२ व्होल्टचा आहे, ९ चाही असतो, चुकीचा लावला तर पेटी जाते. विजा असल्या की मी मात्र सगळे प्लग काढून ठेवते, काचेतून वीज येत नसली तरी बोर्डातून येतेच.

एकूण खर्च जोडला तर ८,२०९ रुपये झाला, त्यात परत मिळणारं १,५०० चं डिपॉझिट धरलेलं आहे. दाखल्याचे वीस आणि एसटीची तिकिटं धरलेली नाहीत.

पहिलं काम केलं ते सातबाऱ्याचं. सरकारच्या साइटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. मोठ्या स्क्रीनवर अक्षरं आणखी मोठी केली आणि एकेक रकाना वाचला. ह्यांच्या माघारी वारसनोंद झाल्याचं मला तोंडी सांगितलेलं होतं, फेरफार नंबर आणि माझं संपूर्ण नाव मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. बराच वेळ तशीच बसून होते. मग प्रिंट काढायची राहिली म्हणून फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

मराठी टायपिंगला वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही, विंडोज १० मध्ये सेटिंगमध्ये मराठी भाषा घालून तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड जोडता येतो, आणि विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की मराठी-इंग्रजी बदलतं. हे सगळं त्यावरच टाइप केलंय, तीन संध्याकाळी लागल्या. ऑक्टोबर २०२५ नंतरचं म्हणाल तर लेक गणपतीत येताना पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आणणार असं ठरलं, या जुन्या मशीनवर ते चालतं आणि त्याचे अपडेट फुकट येत राहतात. तोपर्यंत बँकेचं काम मोबाइलवरच ठेवलं.

मागच्या आठवड्यात खालच्या वाडीतल्या वहिनींनी जोडणी घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, बाई नेट नाही. मी विचारलं पेटीवर लाल दिवा आहे का. त्या बघून आल्या, म्हणाल्या लाल काही नाही, दोन हिरवे आहेत आणि इंटरनेट लिहिलेला बंद आहे. म्हटलं मग तुमची लाइन चांगली आहे, केबलवाल्याला असंच्या असं सांगा. अर्ध्या तासाने त्यांचा परत फोन आला, त्यांचा पहिला महिना ऑफिसात नोंदवायचा राहिला होता, त्यांनी तिथूनच चालू करून दिलं.